जुन्या अद्भुतपटांतील पात्रयोजना : 'काळच तसा होता' या उत्तराची तपासणी

गेल्या शिमग्याच्या सुमारास येथें बाळकुम गांवीं एका परिचितांच्या घरीं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं मंडळी जमली होती व त्यांनीं दोन मूकपट भिंतीवर लावून पाहिले. पहिला, दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'चा जेवढा भाग आज उपलब्ध आहे तेवढा. दुसरा, फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा 'मेट्रोपोलिस' हा जर्मन चित्रपट. एक पुराणांतला, दुसरा भावी यंत्रयुगाचा; तथापि दोघांचें कूळ एकच. एरवीं जें डोळ्यांना दिसणें शक्य नाहीं तें छायाचित्रणाच्या युक्तीनें दाखवावें, हा दोहोंचा उद्योग. म्हणून प्रस्तुत लेखांत पौराणिक चमत्कारपट व विज्ञानकल्पित चित्रपट या दोहोंस मी 'अद्भुतपट' असें एकच नांव देतों.

खेळ संपल्यावर गांवांतल्याच एका आगरी घरांतील मुलगी, माझी एके काळची विद्यार्थिनी, मला म्हणाली, "गुरुजी, ज्यांना पडद्यावर साक्षात् शंकर प्रकट करतां आला, त्यांना तारामतीसाठीं एक बाई मिळूं नये?" मंडळी हंसली. मीही हंसलों आणि वर्गांत तीस वर्षें जें उत्तर देत आलों तेंच दिलें : काळच तसा होता. तिनें वाद घातला नाहीं. परंतु उत्तर पटलें नाहीं हें तिच्या चेहऱ्यावर दिसत होतें. घरीं येऊन सनावळी मांडून पाहूं लागलों, तेव्हां तें मलाही पटेनासें झालें. चूक माझी आहे व ती बऱ्याच विद्यार्थ्यांच्या डोक्यांत मीं घातली आहे. तेव्हां ती दुरुस्त करण्याचें कामही माझेंच.

प्रथम सर्वश्रुत हकीकत. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांपुढें आला. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके, रोहिदास झाला फाळके यांचाच मुलगा भालचंद्र, आणि तारामती झाले अण्णा साळुंके. साळुंके हे ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांत स्वयंपाकी होते. फाळके यांनीं दहा रुपयांचे पंधरा देऊं करून त्यांना आणलें, असें सांगतात. तत्पूर्वीं फाळके यांनीं वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या होत्या, नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या स्त्रियांकडेही शब्द टाकला होता. परंतु कोणी आलें नाहीं व जें आलें तें टिकलें नाहीं. बाप जिवंत असतां मिशा काढण्यास पुरुषपात्रें तयार होईनात, ही कथाही याच वेळची. तारामती व तिच्या सख्या यांच्या जलविहाराचा जो प्रसंग आहे, त्यांतील ओलेत्या नेसलेल्या सर्व सख्या पुरुष आहेत. मीं वर्गांत हें सांगितलें कीं मुलें पोट धरून हंसत. आतां वाटतें, हंसणाऱ्यांत मुलींचा आवाज किती होता याकडे मीं कधीं लक्ष दिलें नाहीं.

येथवर 'काळ' हें उत्तर चालतें. परंतु त्याच १९१३ सालीं फाळके यांनीं 'मोहिनी भस्मासुर' हा दुसरा चित्रपट हातीं घेतला आणि त्यांत पार्वतीची भूमिका दुर्गाबाई कामत यांनीं व मोहिनीची त्यांची कन्या कमलाबाई हिनें केली. दुर्गाबाई पतीपासून विभक्त होऊन मुलीसह फिरत्या नाटकमंडळींत आल्या होत्या. कमलाबाई, ज्या पुढें गोखले झाल्या, त्या वेळीं तेरा वर्षांच्या होत्या. चंद्रकांत गोखले यांच्या त्या मातोश्री व विक्रम गोखले यांच्या आजी. आतां विचार करावा. मे महिन्यांत जी गोष्ट काळानें अशक्य केली होती ती वर्ष संपण्याच्या सुमारास शक्य झाली. सहा-सात महिन्यांत काळ पालटला काय? पालटलें तें एवढेंच कीं फाळके आधीं ज्या घरांतून स्त्रिया मिळाव्यात अशी इच्छा करीत होते तीं घरें सोडून, जेथें स्त्रिया आधींच रंगभूमीवर उभ्या होत्या तेथें त्यांनीं पाहिलें. स्त्रिया नव्हत्या असें नव्हे. हव्या तशा कुळांतल्या स्त्रिया नव्हत्या. केवळ स्त्रियांच्या नाटकमंडळ्या त्या काळीं महाराष्ट्रांत हिंडत होत्या व त्यांत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत.

येथें एक मौज सांगण्याजोगी आहे. मोहिनी म्हणजे कोण? भस्मासुरास भुलविण्यासाठीं विष्णूनें घेतलेलें स्त्रीरूप. म्हणजे ज्या एका भूमिकेंत स्त्रीवेषधारी पुरुष कथेच्या दृष्टीनेंच शोभला असता ती खऱ्या मुलीला मिळाली, आणि तारामती जी हाडामांसाची पत्नी व माता, ती मात्र पुरुषाला.

बरें, एकदां स्त्रिया आल्यावर पुरुष हटले असेंही नाहीं. इ. स. १९१७ च्या 'लंकादहना'त फाळके पुन्हां साळुंके यांच्याकडेच वळले, आणि राम व सीता या दोन्हीं भूमिका त्या एकट्यानें केल्या. पुढें १९१९ मध्यें 'कालिया मर्दन' निघाला, त्यांत बाळकृष्ण झाली ती फाळके यांची कन्या मंदाकिनी. हा चित्रपट सुदैवानें बराचसा शिल्लक आहे. त्याच्या आरंभीं ही सात वर्षांची मुलगी मुलीच्याच रूपांत प्रेक्षकांसमोर येते, चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखविते, आणि मग त्याच चौकटींत तिचा कृष्ण होतो. सोंग कोण घेत आहे हें आधीं दाखवून मग सोंग दाखविणें हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. तात्पर्य, पुरुष, मग स्त्री, मग पुन्हां पुरुष, मग पुरुषाच्या जागीं मुलगी, असा हा क्रम आहे. यास काळाचा प्रवाह म्हणतां येत नाहीं. प्रवाह असा मागेंपुढें वाहत नसतो.

संस्कृत शिकविणाऱ्यास ही चूक आधींच कळावयास हवी होती. व्याकरणांत काळ हें अधिकरण आहे, कर्ता नव्हे. 'वसंतांत कोकिळा गाते' या वाक्यांत गाणारी कोकिळा असते, वसंत नव्हे. 'काळच तसा होता' असें म्हणतांना आपण अधिकरणास कर्त्याच्या पाटावर बसवितों व खरा कर्ता मागील दारानें निघून जातो. भर्तृहरीनें कालास लोकयंत्राचा सूत्रधार म्हटलें आहे हें मी विसरलों नाहीं. परंतु तो विश्वाविषयीं बोलत आहे, ग्रँट रोडवरील उपाहारगृहाविषयीं नव्हे.

याच्या उलट, त्या दिवशीं जमलेल्यांपैकीं दोघांतिघांचा पक्ष असा कीं, दुसऱ्याचें रूप घेणें हाच मुळीं अपराध आहे. पुरुषानें स्त्रीचें, गोऱ्यानें काळ्याचें, परदेशीयानें देशीयाचें रूप घेतलेले असे चित्रपट आतां दाखवूंच नयेत. हा पक्ष मला मान्य नाहीं, आणि तो केवळ सवयीमुळें नव्हे. भरतानें नाट्यशास्त्रांत पात्रांची प्रकृति तीन प्रकारची सांगितली आहे. स्त्रीनें स्त्रीची व पुरुषानें पुरुषाची, वयास अनुरूप अशी भूमिका करावी, ती अनुरूपा. बालकानें वृद्धाची किंवा वृद्धानें बालकाची करावी, ती विरूपा. आणि पुरुषानें स्त्रीचा भाव रूपाच्या अनुसारानें प्रकट करावा, ती रूपानुसारिणी. स्त्रीनेंही पुरुषाची भूमिका करण्यास भरताची मोकळीक आहे. तिसऱ्या प्रकारास तो दोष म्हणत नाहीं, कौशल्य म्हणतो. पण त्याच ग्रंथाच्या आरंभीं असेंही आहे कीं कैशिकी वृत्ति स्त्रियांवांचून पुरुषांकडून साधणार नाहीं, असें भरतानें ब्रह्मदेवास सांगितलें व तेव्हां ब्रह्मदेवानें मनापासून अप्सरा निर्माण केल्या. म्हणजे पात्र मिळत नाहीं ही अडचण भरतालाही आली होती. त्यानें आपल्या शंभर पुत्रांपैकीं कोणाला लुगडें नेसविलें नाहीं, पात्र मागून घेतलें.

पतंजलीच्या महाभाष्यांतही या विषयाची एक गमतीची चर्चा आहे. पाणिनीच्या चवथ्या अध्यायांत 'स्त्रियाम्' हें सूत्र आहे. तेथें प्रश्न निघतो कीं स्त्री ओळखावी कशावरून? लोकांत जी शरीराची खूण मानतात ती घ्यावी, तर भ्रूकुंस म्हणजे स्त्रीवेष घेऊन नाचणारा पुरुष, त्याच्या नांवालाही स्त्रीप्रत्यय लावण्याचा प्रसंग येईल! वैयाकरणानें या नटाला नांवें ठेविलीं नाहींत. त्याच्या साहाय्यानें आपली व्याख्या किती तोकडी आहे हें ओळखलें. दोन हजार वर्षांपूर्वीं ज्या धंद्याची अडचण व्याकरणाच्या पाठांत उदाहरण म्हणून चालत होती, तो कांहीं अण्णा साळुंके यांनीं नव्यानें काढलेला नव्हे. भाऊराव कोल्हटकर व बालगंधर्व यांच्या स्त्रीभूमिकांवर ज्या महाराष्ट्रानें जीव टाकला त्यानें तर हें बोलूंच नये. एवढेंच कीं रंगभूमीवर जें साधतें तें पडद्यावर साधतेंच असें नाहीं. बालगंधर्व १९३५ मध्यें प्रभातच्या 'धर्मात्म्या'त पुरुषवेषानें एकनाथ झाले. नंतर १९३७ मध्यें, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, 'साध्वी मीराबाई'त मीरा झाले, तें चाललें नाहीं. कॅमेरा फार जवळून पाहतो.

तेव्हां वेष घेणें हा दोष नव्हे. दोष कोठें येतो? ज्याचा वेष घ्यावयाचा त्याच्यासाठीं दार लावून घेऊन मग तो वेष दुसऱ्यानें मिरविण्यांत. ही कसोटी घेऊन आतां दुसऱ्या चित्रपटाकडे वळूं.

'मेट्रोपोलिस' १० जानेवारी १९२७ रोजीं बर्लिन येथें प्रथम दाखविला गेला. पटकथा लांग यांच्या पत्नी थेआ फॉन हार्बू यांची. त्यांत मारिया नांवाची साध्वी मजुरांना धीर देते. एक संशोधक धातूची मानवाकृति बनवितो, तिला मारियाचा चेहरा देतो, आणि ती कृत्रिम मारिया नगर पेटविते. दोन्हीं मारिया व यंत्राचें तें कवच हें सर्व ब्रिगिटे हेल्म या जेमतेम विशींतल्या नटीच्या अंगावर होतें. कवच धातूचें नव्हतें. लांकडी लगद्यासारख्या पदार्थाचें करून त्यास धातूची झांक दिली होती. आमच्या मंडळींचा आक्षेप असा कीं येथें स्त्रीला दोनच जागा आहेत, देवी किंवा कुलटा, आणि दुसरी तर पुरुषाच्या हातची बाहुली. आक्षेप रास्त आहे. आपल्याकडील छायेची कथा आठवते : सूर्याचें तेज सहन होईना म्हणून संज्ञेनें स्वतःचीच प्रतिमा निर्माण करून घरीं ठेविली व आपण निघून गेली. तेथें प्रतिकृति करणारी स्त्रीच आहे. बर्लिनच्या कथेंत मूळ स्त्रीला कोणी विचारीत नाहीं. शिवाय त्या नगरांतील विलासगृहास नांव दिलें आहे 'योशिवारा', जें जपानांतील वेश्यावस्तीचें. कुलटेचा नाच दाखवावयाचा तर नांव पूर्वेकडून आणावयाचें.

पण येथेंही 'काळ' हें उत्तर टिकत नाहीं. याच दांपत्याचा 'फ्राउ इम मोंड' म्हणजे 'चंद्रावरील स्त्री' हा चित्रपट ऑक्टोबर १९२९ मध्यें निघाला. अग्निबाणशास्त्राचे पंडित हर्मान ओबर्ट त्याचे सल्लागार होते. त्यांतील फ्रीडे ही खगोलशास्त्राची विद्यार्थिनी आहे. गेर्डा माउरुस या नटीनें ती केली. ती चंद्रावर जाते, तेथें हातांत यंत्र घेऊन काम करते, आणि शेवटीं परतीच्या प्रवासास प्राणवायु पुरत नाहीं तेव्हां आपल्या इच्छेनें मागें राहते. काळ तोच, शहर तेंच, लेखिका तीच. दोन वर्षांपूर्वीं बाहुली सुचली, दोन वर्षांनीं वैज्ञानिक सुचली. कर्ता शोधावा तो येथें.

याच लेखिकेच्या दुसऱ्या एका कथेशीं आपला अधिक निकटचा संबंध येतो. 'दास इंडिशे ग्राबमाल' म्हणजे 'भारतीय समाधि' ही कादंबरी तिनें १९१८ मध्यें लिहिली. तीवर १९२१ मध्यें चित्रपट झाला. आरंभींच जमिनींत पुरलेला योगी जिवंत होऊन उठतो. त्यांतील महाराज कोनराड फाइट हे जर्मन नट, योगी बर्नहार्ड गेट्स्के हेही जर्मन. ठीक, त्या वेळीं बर्लिनमध्यें भारतीय नट कोठून मिळावा, असें कोणी म्हणेल. १९३८ मध्यें तीच कथा पुन्हां पडद्यावर आली. या खेपेस मंडळी उदेपूर व म्हैसूर येथें येऊन चित्रण करून गेली. महाराज झाले फ्रिट्स फान डोंगेन हे डच नट. १९५९ मध्यें स्वतः लांग यांनीं तिसऱ्यांदा तीच कथा घेतली, पुन्हां उदेपूर गांठलें. महाराज वॉल्टर रायर, ऑस्ट्रियाचे, आणि सीता नांवाची देवदासी डेब्रा पेजेट, अमेरिकेची. हत्ती खरे, वाडे खरे, तळें खरें, माणसें तेवढीं रंगविलेलीं. १९२१, १९३८, १९५९ हे तीन निरनिराळे काळ आहेत. तिसऱ्या खेपेस तर आपलें राज्य येऊन बारा वर्षें झालीं होतीं. मध्यंतरीं १९२५ मध्यें हिमांशु रॉय यांनीं म्युनिकच्या फ्रांत्स ओस्टेन यांच्या दिग्दर्शनाखालीं 'लाइट ऑफ एशिया' येथें काढून, स्वतः गौतमाची भूमिका करून, भारतीय नट जर्मन कॅमेऱ्यापुढें उभा राहूं शकतो हें दाखविलेंही होतें.

यांतील दैवाची थट्टा पाहा. १९३३ मध्यें लांग यांच्यापासून घटस्फोट झाल्यावर याच थेआबाईंनीं बर्लिनमध्यें पत्रकारी करणाऱ्या अयी तेंडुलकर यांच्याशीं गुप्तपणें विवाह केला. तेंडुलकर बेळगांवजवळच्या बेळगुंदीचे, म्हणजे मराठी मुलखांतले. जिच्या कल्पनेंतला महाराज पडद्यावर कधीं भारतीय झाला नाहीं तिच्या घरांत मराठी माणूस होता. अमेरिकेकडे पाहावें तर तेंच. १९३६ च्या 'फ्लॅश गॉर्डन' या मालिकापटांत मोंगो ग्रहाचा दुष्ट सम्राट, नांव मिंग, वेष व मिशा चिनी धर्तीच्या, आणि नट चार्ल्स मिडल्टन! ग्रह कल्पित, राजा कल्पित. त्याला चिनी करण्याचें कांहीं कारण नव्हतें, आणि केल्यावर चिनी नट न घेण्याचेंही नव्हतें.

आतां परक्यांस बोललों, तर आपलें घरही पाहिलें पाहिजे. मूकपटांच्या काळीं मुंबई-कलकत्त्याच्या पडद्यावरील हिंदु नायिका पुष्कळदां अँग्लो-इंडियन किंवा ज्यू मुली असत व त्यांना हिंदु नांवें दिलीं जात. रॉय यांच्या चित्रपटांतील गोपा म्हणजे रेने स्मिथ, नांव सीतादेवी. सर्वांत नांवाजलेली सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. तिनें १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'त आठ रूपें घेतलीं. त्यांत माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ असे पुरुष होते व एक सोनेरी केसांची युरोपीय बाईही होती. रूपानुसारिणीचा याहून मोठा नमुना माझ्या पाहण्यांत नाहीं. ही परकी म्हणावी काय? तिचा जन्म पुण्याचा. आमच्या ठाण्यास १८७९ पासून ज्यू लोकांचें प्रार्थनामंदिर आहे आणि तेथील बेने इस्रायल मंडळींच्या घरांत मराठी बोलतात. चित्रपटांतील प्रसिद्ध नट डेव्हिड हे ठाण्यास जन्मलेले, पूर्ण नांव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पहिला हिंदी बोलपट 'आलमआरा' १९३१ मध्यें निघाला, त्याची कथा जोसेफ डेव्हिड पेणकर यांची. चेऊल आणि पेण हीं गांवें आडनांवांत वागविणाऱ्यांस बाहेरचे म्हणण्याचें धैर्य मला होणार नाहीं. येथें कसोटी उलट लागते : या मुलींनीं कोणाचें दार लावलें नव्हतें. दार आपल्याच घरांनीं आपल्याच मुलींना लावलें होतें, आणि ज्या आल्या त्यांचें खरें नांव आपणांस पडद्यावर चाललें नाहीं.

तें दार पुढें उघडलें त्याची तारीखही तारामतीच्याच नांवावर आहे. १९३२ मध्यें कोल्हापुरास प्रभातनें 'अयोध्येचा राजा' काढला, त्यांत गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र व दुर्गाबाई खोटे तारामती. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरांतील बाई. त्याच वर्षीं 'माया मच्छिंद्र' निघाला आणि त्यांत दुर्गाबाई स्त्रीराज्याच्या राणी झाल्या. पतीसाठीं बाजारांत उभी राहणारी व सिंहासनावर बसून हुकूम सोडणारी, दोघी एकीच्याच मुखांतून एका वर्षांत बोलल्या. मात्र स्त्रीराज्य शेवटीं माया ठरतें, आणि मच्छिंद्रनाथांस त्यांतून सोडवावयाचें असतें. हें नाथकथेनेंच ठरविलें आहे, प्रभातनें नव्हे. उगवून आलेलें बी कोणीं पेरलें हें पाहिल्यावांचून पीक घेणाऱ्यास दोष देऊं नये.

हा लेख लिहीत असतां ती मुलगी एकदां घरीं आली. मीं माझी चूक कबूल केली व वरील सनावळी वाचून दाखविली. तिनें शांतपणें ऐकून घेतली आणि विचारलें, "आणि पडद्यावरची कोळीण, गुरुजी? टोपली, नऊवारी, नाकांत नथ. ती करणारी आमच्यापैकीं किती वेळां असते?" बाळकुम हें खाडीकांठचें आगरी-कोळ्यांचें गांव, येथें इतकीं वर्षें राहून हा प्रश्न मला सुचला नव्हता. मीं भरताचे तीन प्रकार पुन्हां सांगूं लागलों तेव्हां ती म्हणाली, "तें कळलें. सोंग घेऊं द्या कोणालाही. मला विचारावयाचें आहे तें दाराचें." माझ्याच कसोटीनें तिनें मला गांठलें. या प्रश्नाचें उत्तर चित्रपटांच्या जाहिरातींतील व श्रेयनामावलींतील नांवें एकेक करून तपासल्यावांचून देतां येणार नाहीं, आणि तें काम तिनेंच आरंभिलें आहे.

जातां जातां साधनांविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'राजा हरिश्चंद्रा'चीं पहिलीं व शेवटचीं रिळें पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत जतन झालीं आहेत. तीं १९१३ चीं कीं १९१७ च्या पुनर्निर्मितीचीं, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहे. 'मोहिनी भस्मासुरा'चें मात्र एकही रीळ उरलें नाहीं. त्यामुळें पुरुषानें केलेली तारामती आपण आजही पाहूं शकतों, आणि त्याच वर्षीं दुर्गाबाईंनीं केलेली पार्वती व तेरा वर्षांच्या कमलाबाईंनीं नाचलेली मोहिनी पाहूं शकत नाहीं. कमलाबाईंवर रीना मोहन यांनीं एक माहितीपट केला आहे. त्यांत त्या अगदीं वृद्ध झालेल्या दिसतात, आणि जुन्या भूमिकांविषयीं बोलतात.